बावीसवरून आठ युनिट

पत्र आलंय वाळवा तालुक्यातून. थोडं आवरून देते:

"ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत पोर वाळून गेलं. सारखं पाणी मागायचा, रात्री अंथरूण ओलं. गावात ताप-उलटीचं औषध झालं. तिसऱ्या दिवशी धाप लागली तेव्हा मिरजेला पळवलं. शुगर ५१२, आयसीयू, टाइप वन मधुमेह. रोज २२ युनिट इन्सुलिन सुरू झालं. ऑगस्टपासून सासऱ्यांनी ओळखीच्या एका वैदूकडून प्रतिकारशक्ती वाढवायचा काढा आणला, आणि आता डोस ८ युनिटवर आलाय. ते म्हणतात काढा लागू पडला, दिवाळीपर्यंत सुई बंद करू. डॉक्टर नको म्हणतात, पण का ते सांगायला त्यांना वेळ नसतो. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना मी उसाचा रस प्यायले त्याचं हे फळ. ह्यांनी मोबाइलवर बातमी दाखवली, चीनमध्ये एका मुलीची शुगर स्टेम सेलने गेली म्हणून. माझं स्वादुपिंड त्याला देता येईल का? धाकटी चार वर्षांची आहे, तिची तपासणी आत्ताच करू का? आणि पुढच्या महिन्यात त्याचा वाढदिवस आहे, केक मागतोय."

ताई,

इन्सुलिन बंद करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचा, पण एवढं आज रात्रीच सासऱ्यांना वाचून दाखवा. आठाचे सहा करायचे की चार, ते रीडिंगची वही बघून डॉक्टर ठरवतील. शून्य करायचं नाही.

आता का, ते सांगते. डॉक्टरांना वेळ नसतो, मला आहे. मी निवृत्त बाई. मेडिकल कॉलेजात तीस वर्षं इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, शिकवली. या आजाराशी माझी ओळख मात्र त्याच्या आधीची. १९७६ साली माझ्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी टाइप वन झाला. घरात ग्लुकोमीटर असायचे दिवस नव्हते. आई सकाळी परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायची, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायची आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे चालेल, विटकरी झालं की आई कुणाशी बोलायची नाही. काचेची सिरिंज भाताच्या आधी स्टोव्हवर चढायची. इन्सुलिनची बाटली माठाच्या बुडाशी, ओल्या फडक्यात.

आजार कळल्यानंतर तीन-चार महिन्यांनी नळी रोज निळीच राहायला लागली. डोस निम्म्याच्या खाली आला. आजीने नवस बोलला होता. तो फेडायला आम्ही सगळे तुळजापूरला जाऊन आलो. थोड्याच दिवसांत नळी पुन्हा विटकरी. आजी मरेपर्यंत म्हणायची, नवस फेडताना आपलं काहीतरी राहिलं.

राहिलं काहीच नव्हतं. या काळाला डॉक्टर मंडळी 'हनिमून' म्हणतात. नाव आचरट आहे, पण जगभर तेच रूढ झालंय. होतं असं की आजार उघड होतो तेव्हा इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी बऱ्याचशा गेलेल्या असतात, पण सगळ्या नाही. उरलेल्या पेशी आठवडेच्या आठवडे चढलेल्या साखरेत दमून पडलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं, साखर उतरली, की त्यांना उसंत मिळते आणि त्या पुन्हा कामाला लागतात. मग बाहेरचं इन्सुलिन कमी लागतं. बऱ्याच मुलांत हे पहिल्या काही महिन्यांतच दिसतं आणि काही महिने, कधी वर्षभर टिकतं. जूनमध्ये आजार कळला तर डोस उतरायची वेळ ऑगस्ट-सप्टेंबरच. काढाही ऑगस्टचाच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. फांदी मोडली ती इन्सुलिनने, म्हणजे जे सासरे बंद करायला निघालेत त्यानेच.

त्यांना पुरावा हवा असेल तर डॉक्टरांना सी-पेप्टाइडच्या तपासणीबद्दल विचारा. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा प्रत्येक रेणूमागे सी-पेप्टाइडचा एक तुकडा सुटतो. बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे मुलाच्या स्वतःच्या पेशी अजून किती काम करतायत ते रक्तावरून कळतं. आकडा चांगला आला तर त्या पेशींना जपायचं, आणि जपायचं म्हणजे शुगर ताब्यात ठेवायची. एक सावधगिरी मात्र घ्या: या काळात स्वतःचं आणि बाहेरचं अशी दोन्ही इन्सुलिनं असतात, त्यामुळे शुगर एकदम खाली जाऊ शकते. दप्तरात ग्लुकोजची पुडी आणि वर्गशिक्षिकांना कल्पना, दोन्ही असू द्या.

आता उसाच्या रसाचं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच टोचलं.

स्वादुपिंडात दहा लाखांच्या आसपास बारीक बेटं असतात. ती सगळी एकत्र केली तर वजन जेमतेम एक-दोन ग्रॅम. पॉल लँगरहान्स नावाच्या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये बर्लिनमध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, म्हणून ती लँगरहान्सची बेटं. बीटा पेशी या बेटांवर राहतात. १९६५ मध्ये ब्रुसेल्सच्या विली गेप्ट्स यांनी, आजार कळल्यावर थोड्याच काळात दगावलेल्या २२ मुला-तरुणांची स्वादुपिंडं तपासली. त्यांतल्या १५ जणांच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशींचा गराडा पडलेला होता. जंतू दिसत नव्हता, तरी गराडा होता. मग १९७४ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये जान फ्रांको बोताझ्झो आणि डेबोरा डोनियाक यांनी काही रुग्णांच्या रक्तातला द्रव माणसाच्या स्वादुपिंडाच्या पातळ कापावर सोडला, वर चमकणारा रंग लावला, आणि बेटं तेवढी हिरवी उजळली. त्या रक्तात बेटांनाच जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) होती. असा काप मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवायचे. काळोखात कच्च्या सफरचंदाच्या रंगाचे ठिपके. मागच्या बाकावरचासुद्धा उठून बघायला यायचा.

तुमच्यासाठी महत्त्वाचा माणूस मात्र याच्या पुढचा, जॉर्ज आयझेनबार्थ. आधी बॉस्टन, नंतर डेन्व्हर. २०१२ मध्ये गेले. त्यांनी एकसारख्या जुळ्या आणि तिळ्या भावंडांकडे लक्ष वळवलं. एकाला टाइप वन झालेला, दुसरा ठणठणीत. या ठणठणीताचं रक्त ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं तपासत राहिले. काहींच्या रक्तात प्रतिपिंडं दिसू लागली. मूल खेळतंय, जेवतंय, शुगर नॉर्मल. आणि आत इन्सुलिनचा पहिला झटपट स्रवणारा लोट हळूहळू मंदावत चाललाय. पुढे कित्येक वर्षांनी आजार उघड झाला. त्यावरून १९८६ मध्ये त्यांनी मांडलं की टाइप वन एका रात्रीत होत नाही. तो रेंगाळणारा, स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेचा आजार आहे. त्यांच्या लेखातली ती उतरती रेघ या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत काढलेली असते. उतार इतका सरळ नसतो, मध्ये थांबे असतात, हे पुढच्या संशोधनाने दाखवलं. पण मूळ गोष्ट टिकली.

म्हणजे मिरजेच्या आयसीयूतली ती रात्र ही सुरुवात नव्हती. तो बहुधा दोन-तीन वर्षांचा असताना, अंगणात मातीत खेळताना, हे आत चालू झालेलं असणार, आणि कुणालाही कळायला मार्ग नव्हता. पहिली ठिणगी कशाने पडते? काही जनुकं धोका वाढवतात, आणि काही विषाणूंवर, विशेषतः एन्टेरोव्हायरसांवर, शास्त्रज्ञांचा दाट संशय आहे. उसाचा रस या यादीत नाही. लाडू, लस, ग्रहण, तुमचा राग, हेही नाही. तुमच्या तालुक्यात उसाचा रस न पिता बाळंत झालेली बाई शोधून दाखवा म्हणावं सासूबाईंना! (हे त्यांना वाचून दाखवू नका. किंवा दाखवा, घरचं वातावरण बघून.)

'स्वतःच्याच शरीराने उलटणं' म्हणजे नेमकं काय, तेही तुमच्याच शिवारातलं सांगते. उसात हरभऱ्याचं आंतरपीक आहे आणि भांगलायला बायकांची टोळी लावलीय. टोळी कामाला चोख, तण दिसलं की खुरपं घातलंच. पण समजा, कुणीतरी चुकून हरभऱ्याच्या रोपालाच तण समजलं आणि बाकीच्या तसंच करत सुटल्या. ऊस जागेवर, हरभरा साफ. टाइप वनमध्ये टी पेशींची (पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार) टोळी हेच करते. त्याच बेटावर शेजारी असणाऱ्या अल्फा पेशींना हात लावत नाही, बीटा पेशी तेवढ्या वेचते. या टोळीवर शरीराने मुकादमही नेमलेले असतात, 'अगं थांब, ते पीक आहे' म्हणणारे. या मुकादम पेशींच्या शोधासाठीच २०२५ चं वैद्यकाचं नोबेल शिमोन साकागुची, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. एका दुर्मिळ आजारात बाळ जन्मतःच कामाच्या मुकादमांवाचून येतं, आणि त्यातल्या पुष्कळ बाळांना पहिल्या काही आठवड्यांतच मधुमेह होतो. मुकादम नसले तर काय होतं याचा यापेक्षा स्पष्ट दाखला मला तरी माहीत नाही.

आणि म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' काढा ऐकून मी कपाळाला हात लावला. तुमच्या मुलाची प्रतिकारशक्ती दुबळी नाहीच. ती नको तिथे खुरपं चालवतेय. तिला आणखी जोर देऊन काय साधायचं? वैदूच्या काढ्याने तसा जोर येतो असंही मी मानत नाही. त्यात काय आहे हेच कुणाला ठाऊक नाही, ही खरी काळजी. अशा पुड्या-काढ्यांत ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्याची उदाहरणं आहेत. तो थांबवा. सासऱ्यांचा मान राहील असं काही करायचं असेल तर रोजच्या रीडिंगची वही त्यांच्या हाती सोपवा. आमच्या आजोबांना तेच काम दिलं होतं. त्यांनी अकरा वर्षं ते केलं, लाल आणि निळ्या शाईत.

आता स्वादुपिंडाचं. आई म्हणून तुम्ही हे विचारलंत, आणि हाच प्रश्न अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८० च्या दशकात खरोखर करून पाहिला गेला. सर्जन डेव्हिड सदरलँड यांनी निरोगी जुळ्या भावंडाचं अर्धं स्वादुपिंड मधुमेही जुळ्याला बसवलं. एकसारखी जुळी, शरीर परका अवयव म्हणून झिडकारणार नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायची औषधं सुरुवातीला दिली नाहीत. आणि शरीराने अवयव झिडकारला नाहीच! इन्सुलिन सुटलं. पण काही आठवड्यांत शुगर परत चढली. नव्या स्वादुपिंडाचा तुकडा काढून पाहिला तर बाकी सगळं शाबूत आणि बीटा पेशी गायब. आजार होऊन कित्येक वर्षं उलटली होती, तरी टोळीला रोप ओळखता येत होतं. तेव्हा ताई, तुमचं स्वादुपिंड तुमच्याच पोटात राहू द्या.

चीनची बातमी खोटी नाही. त्यानजिनमधल्या २५ वर्षांच्या एका मुलीच्या स्वतःच्याच चरबीतल्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या पेशींत बदलू शकणाऱ्या मूळ पेशी, आणि त्यांपासून बेटं तयार करून पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली सोडली. अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन सुटलं, आणि हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. मोबाइलवरच्या बातमीत एक गोष्ट बहुतेक गाळलेली असते. त्या मुलीचं आधी यकृत-प्रत्यारोपण झालेलं होतं, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला चालूच होती. म्हणजे टोळीचे हात आधीच बांधलेले होते. २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीच्या चाचणीचे निकाल आले: प्रयोगशाळेत बनवलेल्या बेटांचा पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर इन्सुलिन लागत नव्हतं, पण त्या सगळ्यांना ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात, आणि त्यांत साध्या जंतूचंही मोठं दुखणं होऊ शकतं. आठ वर्षांच्या, इन्सुलिनवर नीट चाललेल्या पोराला हा सौदा आज कुणीही शहाणा डॉक्टर सुचवणार नाही. आणि कुणी 'स्टेम सेलचं इंजेक्शन देतो, एवढे लाख भरा' म्हणालं तर उठून या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच वापरता येतात.

राहिली धाकटी. युरोप-अमेरिकेतले आकडे बघितले तर सर्वसाधारण मुलांत टाइप वनचा धोका हजारात चार-पाचांना, आणि सख्ख्या भावंडांत शंभरात पाच-सहांना. म्हणजे पुष्कळ जास्त, तरीही शंभरातल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव भावंडांना तो होत नाही. जनुकांची नाळ आपल्याकडेही साधारण तीच आहे: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र, हैदराबादची सीसीएमबी ही पेशी-संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं की युरोपीय लोकांवरून बांधलेला जनुकीय गुणांक भारतीयांतही टाइप वन ओळखायला उपयोगी पडतो.

तपासणी असते ती प्रतिपिंडांची: जीएडी, आयए-टू, झिंक ट्रान्सपोर्टर आणि इन्सुलिनविरुद्धची. एकच प्रकार सापडला तर धोका थोडका. दोन किंवा जास्त सापडले तर मामला वेगळा. युरोप-अमेरिकेत अशा ५८५ मुलांच्या मागोव्यात दहा वर्षांत ७० टक्क्यांना आजार उघड झाला. कळून फायदा काय? पहिला, मूल धापा टाकत आयसीयूत पोचायची वेळ येत नाही. जर्मनीत बव्हेरियामध्ये २०१५ पासून लहान मुलांची अशी तपासणी चालू आहे, आणि इटलीने तर २०२३ मध्ये तसा कायदाच केला. दुसरा फायदा नवा आहे. टेप्लिझुमॅब नावाचं औषध टी पेशींच्या टोळीला थंड करतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे केव्हन हेरोल्ड आणि सहकाऱ्यांनी ते ७६ जणांवर तपासलं. सगळे मधुमेह्यांचे नातेवाईक, प्रतिपिंडं असलेले, साखर नुकती डळमळायला लागलेली. चौदा दिवसांच्या सलाईननंतर निम्म्या जणांत आजार उघड व्हायला ४८ महिने लागले, औषध न मिळालेल्यांत २४. दोन वर्षं मिळाली. २०२२ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली तेव्हा वयाची अट होती किमान ८, आणि एका कोर्सची किंमत १ लाख ९० हजार डॉलरच्या वर. कुणी म्हणेल, दोनच वर्षं? माझ्या आईला विचारलं असतं तर तिने नऊ ते अकरा ही दोन वर्षं कुठल्याही किमतीला घेतली असती.

मग करायची का तपासणी? माझं मत: करा, पण या दिवाळीत नाही. आत्ता घरात काढा, उसाचा रस आणि सुई यांवरून रणकंदन चाललंय. त्यात धाकटीचा रिपोर्ट आला आणि एखादं प्रतिपिंड सापडलं, तर त्या चार वर्षांच्या पोरीला सासूबाई आजपासूनच आजारी ठरवतील. घर जरा स्थिरावू द्या. मग मुलांच्या हार्मोन-तज्ज्ञांकडे जाऊन सगळी प्रतिपिंडं एकदम करून घ्या. एकट्या जीएडीवर निकाल लावू नका. आणि नाही आलं म्हणजे जन्मभराचा परवाना मिळाला असंही नाही, पुन्हा कधी बघायचं ते डॉक्टर सांगतील. दरम्यान तुमच्याकडे मीटर आहे आणि जूनने दिलेला अनुभव आहे. तिची तहान वाढली, सुटलेली अंथरुणातली शू परत सुरू झाली, फ्रॉक सैल झाला, न्हाणीत मुंग्या दिसल्या, तर बोट टोचून बघा. २०० च्या वर आकडा आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

केक आणा. एका तुकड्याला किती युनिट लागतील ते आधीच डॉक्टरांना फोन करून लिहून ठेवा. हनिमूनमध्ये अंदाजपंचे जास्त देऊ नका. कापायच्या आधी शुगर बघा, नंतर दोन तासांनी पुन्हा. इंजेक्शन पाहुण्यांसमोर घ्यायचं की आतल्या खोलीत, ते त्याचं त्याला ठरवू द्या. माझा भाऊ आज ५८ वर्षांचा आहे. तो लहानपणापासून सगळ्यांसमोर घेतो. तेव्हा चुलत-आते भावंडं भोवती उभी राहून सिरिंजवरच्या रेघा मोठ्याने मोजायची.